कुत्रा धरत नाही

पेडल दाबून खटका ओढला की
पूर्वी कट् व्हायचं.
आता होतं ते कट् नाही,
दात नसलेल्याने सुपारी तोंडात फिरवावी, तसं काहीतरी.
मग पेडल सावकाश वर येतं,
डबक्यातून कासवानं डोकं काढावं तसं,
आणि ट्रॅक्टर करंजवणच्या उताराला
आपल्या मनानं निघतो.

म्हणून तीन वर्षं एक दगड आमच्यासोबत फिरतोय.
काळा, एका अंगानं चपटा,
टूलबॉक्सशेजारी तारेनं बांधलेला.
पिंपळगावला टमाट्याचे कॅरेट उतरवताना
हमाल विचारतात, "मामा, दगडाला काय भाव निघाला?"
मीही हसतो.

जिथं दगड बसत नाही,
बागेच्या दोन ओळींमध्ये, चारीच्या भुसभुशीत काठावर,
तिथं ईश्वरी.
"ये गं, पाय ठेव जरा."
दप्तर बांधावर टाकून ती चढते,
पाय पुरावा म्हणून सीटच्या टोकाशी सरकते,
दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरते.
मी मागे जातो.
ट्रॉलीची पिन काढतो, ब्लोअर जोडतो,
निवांत,
शिट्टी वाजवत.

करून पाहिलं नाही असं नाही.
सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली, ती उन्हानं गेली.
दात्यांना कानस मारली,
धार आली, पण दाते आणखी बुटके झाले.
एकदा तर भरपूर ग्रीस थापलं.
दोन दिवसांनी डोक्यात उजेड पडला
की जिथं धरायला हवं
नेमकं तिथंच मी निसरडं करून ठेवलंय.

शेवटी गोड्या छाटणीच्या आदल्या आठवड्यात
वणीहून लतीफ मिस्त्री आले.
युरियाच्या गोणीवर आडवे झाले, अर्धे ट्रॅक्टरखाली,
तिथूनच बोलत राहिले, चपलांशी बोलावं तसे:
"लायनिंग झिजलं, म्हणून पेडल खोल जातंय.
स्प्रिंग तर नावाला.
आणि हा कुत्रा बघा तुमचा."
बोटाच्या पेराएवढं लोखंड माझ्या हातात आलं.
"तोंडच घासलंय. चावेल कशानं?"

नवा मिळायला नाशिक गाठावं लागलं असतं.
त्यांनी तो रॉकेलमध्ये धुतला, उजेडात धरला,
आणि उलटा करून बसवला.
"ही बाजू कोरी आहे. दोन तोंडं असतात याला.
लोक एकच वापरतात आणि फेकून देतात."
स्प्रिंग खिशातून काढली,
कोणत्या गाडीची, ते मी विचारलं नाही.
रॉडला दोन आटे दिले, अर्धा परत घेतला,
लायनिंग जानेवारीत बघू म्हणाले.

"चला, उताराला."

दगड काढला.
ईश्वरीनं पेडल दाबलं, मिस्त्रींनी खटका ओढला.
कट्.
"उचल बेटा पाय."
ती उचलेना.
"अगं, धरलंय त्यानं. उचल की."
मान न वळवता ती म्हणाली,
"पप्पा, तुम्ही आधी मागून बाजूला व्हा."

मी मागेच उभा होतो.
ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मधल्या
दोन हात जागेत,
जिथं मी नेहमी असतो.

तिथून तिची पोटरी दिसत होती.
चऱ्हाट पिळून ताणावं तशी.
सहावीतल्या पोरीची.
तिसरीत होती तेव्हा पहिल्यांदा चढवली होती मी तिला.

मी बाजूला झालो.
पार बांधावर जाऊन उभा राहिलो,
तिला दिसेल असा.

तिनं पाय उचलला.
ट्रॅक्टर जागचा हलला नाही.
मिस्त्री चिंधीला हात पुसत म्हणाले, "चहा सांगा."
मी दगड उचलला, टाकायला निघालो,
आणि का कोण जाणे, परत बांधला.

तिचा पाय पेडलवर नव्हता.
खालीही नव्हता.
एक बोट वर, हवेत धरलेला,
चहा आला,
त्यावर साय धरली,
तरी.